ओरखडा नाही, हे कशावरून?

ग्राइंडिंग झालेली बेअरिंगची रिंग कन्व्हेअरवरून कॅमेऱ्याखाली येते, क्षणभर दिवा चमकतो आणि पडद्यावर हिरवी अक्षरे उमटतात: 'ओके'. म्हणजे रिंगवर ओरखडा नाही. पण जे नाहीच, ते कॅमेऱ्याला दिसले कसे? सेन्सरवर पडतो तो रिंगवरून आलेला उजेड. ओरखड्याच्या अभावावरून कसला उजेड येणार?

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न फार नेटाने लढवला आहे. जमिनीवर घट नाही, हे कळते कसे? नैयायिक म्हणाले, तेही प्रत्यक्षानेच. सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांना ते पटले नाही. अभावाच्या ज्ञानासाठी त्यांनी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे, स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही ते स्वीकारले. मात्र नुसते न दिसणे पुरत नाही. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. 'असता तर दिसलाच असता' असे म्हणता येईल अशी परिस्थिती आधी हवी. तीच योग्यानुपलब्धी.

व्हिजन सिस्टिम बसवणाऱ्या इंजिनिअरची खरी मेहनत ही परिस्थिती उभी करण्यातच जाते. चकचकीत पृष्ठभागावर समोरून उजेड टाकला, तर सगळेच पांढरे होते आणि ओरखडा त्यात बुडतो. तोच दिवा खाली, जवळजवळ पृष्ठभागाच्या पातळीला आणला, की गुळगुळीत भागावरचा उजेड लेन्सला चुकवून पलीकडे निघून जातो. ओरखड्याच्या कडेवर आपटलेला तेवढा वर येतो. काळ्यावर पांढरी रेघ. मग पिक्सेलचा हिशोब. ६० मिलिमीटर रुंदी २४४८ पिक्सेलांत टिपली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ०.०२५ मिलिमीटर येते. दोषासाठी किमान तीन पिक्सेल धरले, तर ०.०७ मिलिमीटरहून बारीक ओरखड्याबद्दल ते 'ओके' छातीठोकपणे काहीच सांगू शकत नाही.

आणि पृष्ठभागाखालची चीर? इथे बौद्ध तार्किकांचे अदृश्य पिशाचाचे उदाहरण आठवावे. जे मुळात दिसण्याजोगे नाही, ते दिसले नाही म्हणून नाकारता येत नाही. आतल्या चिरेसाठी अल्ट्रासॉनिक, एक्स-रे अशा तपासण्यांकडे जावे लागते.

याहून अवघड पेच शिकणाऱ्या मशीनचा आहे. अभाव कळायला प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव आहे ती वस्तू, ठाऊक असावी लागते, असे नैयायिक सांगतात. पण मशीनला दोष ओळखायला शिकवण्यासाठी म्युनिकच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ मध्ये ५३५४ छायाचित्रांचा संच प्रसिद्ध केला. त्यातल्या प्रशिक्षणाच्या चित्रांत एकही दोष नाही. मशीनने चांगले तेवढे पाहायचे आणि त्यावरून वाईट ओळखायचे. असे शिकलेल्या मशीनला तडा म्हणजे काय हे माहीतच नसते. त्याला कळते ते फक्त वेगळेपण, मग तो तडा असो की तेलाचा थेंब. ब्रेकच्या भागाला एवढ्यावरच 'ओके' म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे. ज्याचा जीव त्या ब्रेकवर आहे, त्याला या 'ओके'मागे काय पाहिले गेले हे विचारायला कुणी बोलावलेले नसते.

म्हणून नीट चालवलेल्या लाइनवर शिफ्ट सुरू होताना मुद्दाम जपून ठेवलेले सदोष नग आधी कॅमेऱ्याखालून सोडतात: कुठे बारीक ओरखडा, कुठे उडालेली कड. त्यातला एक जरी 'ओके' होऊन पुढे गेला, तर लाइन थांबते आणि मागच्या चाचणीपासून पास झालेला सगळा माल बाजूला काढून पुन्हा तपासला जातो.