गावाकडचे मंदिर आणि आपली मूठ



पावसाळा तोंडावर आला की आपणांपैकी अनेकांना गावाकडून एक पत्र येते. पूर्वी ते पोस्टकार्डावर येई, आता फोनवर येते. मजकूर मात्र तोच असतो. मंदिराचे छप्पर गळते आहे, वाशांना वाळवी लागली आहे, वेदीमागची भिंत फुगली आहे. तरी आपण यथाशक्ती वर्गणी पाठवावी, ही विनंती. आपण भोपाळला असा, दिल्लीला असा वा बंगळूरला. पत्र वाचून क्षणभर लहानपणी ऐकलेली घंटा कानी येते आणि दुसऱ्याच क्षणी मनात प्रश्न उभा राहतो : भोवती इतके गरीब असताना दगडमातीवर पैसा घालणे हे खरोखर ख्रिस्ती कर्तव्य आहे काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. बेथानी येथे प्रभूच्या चरणांवर मरियेने सुगंधी तेल ओतले, तेव्हा तो प्रथम विचारला गेला. तीनशे दीनारांचे, म्हणजे सुमारे वर्षभराच्या मजुरीचे ते तेल विकून पैसा गरिबांना का दिला नाही, असे यहूदाने विचारले. योहान सांगतो की त्याला गरिबांची पर्वा नव्हती. तथापि हा वृत्तांत हाती घेऊन प्रत्येक शंकेखोराला यहूदा ठरविणे अन्यायाचे होईल, कारण मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे इतर शिष्यांनाही तो खर्च व्यर्थ वाटला होता. शिवाय गरीब नेहमी तुमच्याजवळ राहतील या अर्थाचे जे उत्तर प्रभूने दिले, त्यामागे अनुवादाच्या पंधराव्या अध्यायातील आज्ञा आहे, आणि ती आज्ञा गरिबांसाठी हात सैल सोडण्याची आहे. तेव्हा मंदिराचे नाव पुढे करून गरिबाला विन्मुख पाठविण्याची मुभा या वृत्तांतात नाही.

परंतु आपल्या बाबतीत एक गोष्ट निराळी आहे. येथे मंदिर एकीकडे आणि गरीब दुसरीकडे असे नाहीच. गावी मागे राहिलेली मंडळी हीच गरीब आहे. शिकले ते शहरात गेले. मागे राहिले ते शेतमजूर, वृद्ध आईबाप आणि विधवा. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले आणि पुढे जिल्ह्यातील खेड्यांतून लहान लहान मंदिरे उभी राहिली. त्यांत प्रथम शिरलेले पुष्कळ लोक गावकुसाबाहेरचे होते. गावच्या देवळाची पायरी त्यांना वर्ज्य होती, पाणवठा वर्ज्य होता. ज्या दारातून ते आयुष्यात प्रथमच ताठ मानेने आत गेले, ते दार या मंदिराचे होते. त्याच्या भिंतीला नुसते दगड म्हणणे हे ज्याला डोक्यावर दुसरे छप्पर मिळाले, त्यालाच परवडते.

मग द्यावे कोणी? आपल्यात एक जुनी सवय आहे : मिशन पाहील. मिशनचा आधार गेला, सवय राहिली. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगारावर पाणी सोडले, त्यामागे हीच व्यथा होती. हिंदी ख्रिस्ती मंडळीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी त्यांची तळमळ होती. आज मिशनच्या जागी आपण कोणी एखादा धनिक दाता शोधतो. त्याने एकरकमी पैसा दिला की काम महिन्यात होते. पण पुढे मंदिर त्याचे होते आणि मंडळी त्याच्या घरी पाहुणी बसावी तशी त्यात बसते.

राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. योवाश राजाने मंदिराच्या डागडुजीचे काम याजकांकडे सोपविले. त्याच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी काम झाले नाही. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक, असे दोघे मिळून तो मोजीत व सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या मजुरीसाठी देत. झाकणाच्या त्या भोकातून मोठे दान आणि लहान दान सारखेच आत जात होते. कोणी किती टाकले, हे लिहून ठेवल्याचा उल्लेख नाही.

आपण मात्र संगमरवरी पाटी आधी ठरवितो आणि अमुक रकमेच्या वरच्यांचीच नावे तीवर कोरतो. मंदिर रोज झाडणाऱ्या म्हातारीने पदराच्या गाठीतून काढलेले वीस रुपये त्या पाटीवर बसत नाहीत. मिझोरामच्या मंडळ्यांत याहून चांगली रीत आहे. तेथील स्त्रिया प्रत्येक वेळी स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ प्रभूसाठी बाजूला काढतात. १९१० च्या सुमारास सुरू झालेल्या या रीतीवर तेथे मोठी सेवाकार्ये उभी राहिली आहेत. मूठ सर्वांना असते; म्हणून तेथे देण्यापासून कोणी वंचित राहत नाही. गरिबाला देण्याच्या मानापासून दूर ठेवणे, हाही त्याच्यावरील अन्यायच होय.

आता आपण म्हणाल, दिलेला पैसा नीट खर्च होईल कशावरून? ही शंका निराधार नाही. मंडळ्यांच्या मिळकतींवरून झालेले तंटे आपण सर्वांनी पाहिले आहेत. यहोयादाच्या पेटीचे दोन मोजणारे याचसाठी होते. आपणही दोघांनी मोजावे आणि जमाखर्च मंदिराच्या दारावर लावावा, असा आग्रह धरावा. कामाचीही चौकशी करावी : चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू देऊ नये, कारण चुना ओल बाहेर सोडतो आणि सिमेंट ती आत कोंडते. पण हिशेब मागण्याचा हक्क, न देण्याची सबब होऊ नये.

कौलारू मंदिर एका दिवसात पडत नाही. एक कौल फुटते, त्यातून पाणी वाशाच्या टोकाला लागते, वासा कुजतो, मग भिंतीत पाणी मुरते आणि फटीत पिंपळ रुजतो. दरवर्षी शाकारणी झाली असती, तर थोडक्यात भागले असते. मंडळीचेही असेच आहे. एक कुटुंब शहरात गेले, त्याने नाताळला येणे सोडले, मग वर्गणी सोडली, मग विचारपूस सोडली. छप्पर गळू लागते, त्याच्या कितीतरी आधी हे गळणे सुरू झालेले असते.

म्हणून जेथे मंडळीच उरली नाही, तेथे केवळ अभिमानासाठी भिंती उभ्या ठेवाव्यात, असे माझे म्हणणे नाही. प्रभूने यरुशलेमेच्या भव्य मंदिराचेही दगड ढासळतील असे सांगितले; दगडांना त्याने अमरत्व दिले नाही. पण जेथे दहा माणसे रविवारी अजून घंटेची वाट पाहतात, तेथे ते दहा आपले देणेकरी नाहीत, आपण त्यांचे आहोत. आपण निघून गेलो, तेव्हा दिवा त्यांनी तेवत ठेवला.

नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात कोट बांधणारांची लांबलचक यादी आहे. तीत सोनार आहेत, गंधी आहेत, व्यापारी आहेत आणि शल्लूमाच्या मुलीही आहेत. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. तकोवाच्या सरदारांनी मात्र या कामी मान वाकविली नाही, एवढीच त्यांची नोंद राहिली.

वाचकहो, यंदा ते पत्र आले, तर उत्तर लांबवू नका. जमेल ती मूठ पाठवा. आणि शक्य असेल, तर शाकारणीच्या दिवशी मुलांना घेऊन स्वतः गावी जा. शिडीखाली उभे राहून कौले वर द्यायलाही माणसे लागतात.