तिचे दुखणे कोणी सांगायचे?



रविवारी मिस्साला आमच्या मुलीला व्हीलचेअरमध्ये ताठ बसलेली पाहून पुष्कळ जण म्हणतात, "आता बरी दिसते हो!" खरे आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे; ती चालत नाही, बोलत नाही. कणा इतका वाकला होता की बसताना सारा भार एकाच बाजूवर येई. शस्त्रक्रिया करून कण्याला सळ्या बसवल्या, त्या कमरेच्या हाडापर्यंत नेल्या. संपले एकदाचे, असे आम्हांला वाटले.

पण खुबा राहिलाच होता. ताठरलेले स्नायू मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर ओढत राहतात. कण्यातली सळई ही ओढ थांबवीत नाही. उलट कंबर जखडल्यावर बसण्यासाठी लागणारे वाकणे खुब्यालाच करावे लागते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात झालेल्या एका पाहणीत (ती २००६ साली प्रसिद्ध झाली) सर्वांत जास्त अपंगत्व असलेल्या मुलांपैकी ९० टक्क्यांचे खुबे सरकलेले आढळले. म्हणूनच पाठ सरळ झाली तरी खुब्याचा एक्स-रे चुकवू नये.

आमचा प्रश्न मात्र एक्स-रेने सुटत नाही. सरकलेला प्रत्येक खुबा दुखतोच असे नाही. मग दुसरी शस्त्रक्रिया करावी काय? जिला सोसायचे आहे तिला विचारता येत नाही.

खरे सांगायचे तर तिचे पाय फाकत नाहीत, त्यामुळे तिला स्वच्छ करणे आम्हांला जड जाते. आपण आपल्याच सोयीसाठी तिला कापायला देत आहोत काय, या विचाराने आम्ही खजील झालो. आता तेवढे वाटत नाही. धुणारा हात सोपा झाला तर तिलाही कमी दुखेल. तरी आमची सोय आणि तिची वेदना एकाच खात्यात मांडता कामा नये. आणि "बिचारीने पुष्कळ सोसले, आता पुरे" असे आम्ही म्हणतो, तेव्हाही कित्येकदा आमचाच थकवा दयेचे कपडे घालून बोलत असतो. हे ओळखणे अधिक कठीण गेले.

म्हणून महिनाभर आम्ही एक वही ठेवली आहे. ती केव्हा रडली, कोणत्या कुशीवर, औषधाने शांत झाली का. तिच्या मावशीने पाहिले की उजवा पाय उचलण्याआधीच, नुसता हात पुढे येताच, तिचा चेहरा आवळतो. आम्ही रोज उचलणारे, आमच्या ते ध्यानातच आले नव्हते.

पुढच्या आठवड्यात वही घेऊन डॉक्टरांकडे जात आहोत. तिची आठवण ठेवा. आणि मिस्सानंतर तिला मायेने कुरवाळाल, तेव्हा उजवा पाय तेवढा सांभाळा.