दूरदेशाहून परतीची वाट

आपल्या धर्मग्रामातील एखादा मनुष्य दारूच्या आहारी गेला की आपण त्याच्याविषयी दोनच शब्द उच्चारतो. कोणी म्हणतो ‘पापी’, तर कोणी म्हणतो ‘बिचारा’. पहिला शब्द त्याला दूर लोटतो. दुसरा त्याला आहे तिथेच बसवून ठेवतो. मग व्यसन हे पाप म्हणावे की आजार? आणि आजार म्हटला, तर आजाऱ्याला जबाबदार कसे धरावे?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हाला डब्लिनच्या मॅट टॅलबटचे स्मरण होते. १८५६ साली गरीब घरात जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी मद्याच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच प्यायला शिकला. पुढे सारा पगार गुत्त्यात जाऊ लागला, मग उधारी सुरू झाली. एकदा तर रस्त्यावर व्हायोलिन वाजवून पोट भरणाऱ्या एका मनुष्याचे वाद्यच त्याने पिण्यापायी लांबवले. व्यसनाची उतरण अशीच असते. आधी मौज, मग सवय, मग निकड. शरीर सरावते, कालच्या मात्रेने आज भागत नाही. शेवटी पिणे आनंदासाठी राहत नाही, थरथरणारा हात स्थिर करण्यापुरते उरते.

१९५६ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की, जडलेल्या सवयीमुळे मनुष्याच्या कृत्याचा दोष कमी होऊ शकतो. पायरीगणिक त्याचे स्वातंत्र्य आकसत जाते, हे वैद्यक आणि श्रद्धा दोघांनाही मान्य आहे. मात्र ‘मला मदत हवी’ एवढे म्हणण्याचे स्वातंत्र्य बहुधा शेवटपर्यंत शिल्लक असते. मधुमेह झाला म्हणून आपण कोणाला दोष देत नाही. पण औषध घेण्याची जबाबदारी त्याचीच असते.

१८८४ साली एका शनिवारी टॅलबट रिकाम्या खिशाने गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने आजवर पाजले होते, त्यांपैकी एकानेही त्याला आत बोलावले नाही. तो घरी परतला आणि दारू सोडण्याची शपथ घेतली, तीही केवळ तीन महिन्यांची. पुढे ती वाढवीत नेली आणि अखेर आजन्म पाळली. त्याने जुनी देणी फेडली. त्या वादकाचा शोध घेतला. तो सापडेना, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करविल्या. १९२५ साली मिस्साला जात असतानाच त्याला रस्त्यात मृत्यू आला. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला ‘पूज्य’ म्हणून गौरविले.

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन शहरात सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमातही हाच क्रम दिसतो: आपली हतबलता कबूल करणे, देवावर भार टाकणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे आणि एकेक दिवस निभावणे. मात्र वर्षानुवर्षे अतोनात पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडणे जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. वांद्र्यात फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेली ‘कृपा’ आणि पुण्याचे १९८६ सालचे ‘मुक्तांगण’ यांनी ही वाट आपल्या दारापर्यंत आणली आहे. वाटेत पाय पुन्हा घसरू शकतो. म्हणून वाट खोटी ठरत नाही.

मग घरच्यांनी काय करावे? उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पिता आठवावा. दूरदेशी गेलेल्या मुलाला त्याने मागाहून पैसे धाडल्याचे शुभवर्तमानात कुठेही नाही. तिथे कोणी काही देईना, तेव्हा तो मुलगा भानावर आला. आपण मात्र गुत्त्याची उधारी फेडतो, साहेबाला खोटी सबब सांगतो, शेजाऱ्यांपासून लपवतो आणि याला माया म्हणतो. परंतु त्याच पित्याची नजर वाटेवर होती, आणि मुलगा दुरून दिसताच तो धावला. पैसे न धाडणे आणि दार उघडे ठेवणे, ही दोन्ही कामे एकाच प्रेमाची आहेत. त्यांतले एकच केले, तर कठोरपणा तरी उरतो किंवा दुबळेपणा.

आणि आपण सारे? लग्नाच्या मांडवात आपणच आग्रहाने पेले भरतो आणि त्याच मांडवात झिंगलेल्याला नावे ठेवतो. व्यसनातून परतलेला एखादा बंधू पुढच्या समारंभात हातातला पेला बाजूला सारील, तेव्हा आपण निदान आग्रह करू नये, हसू नये. त्याच्यापुढे सरबताचा ग्लास ठेवावा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसावे.