बरोबरीची चाल

चांगली वस्तू घ्यावी की पुरेशी घ्यावी, हा प्रश्न आम्हा नोकरदारांच्या घरी बहुधा महिन्याचा हिशेबच सोडवून टाकतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली असते. परंतु अंथरूण थोडे लांब झाले आणि त्यावर पाय पसरणारे दोघे असले, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. मला या गोष्टीचा विचार करावा लागला तो दोन सायकलींमुळे.

आमच्या जिन्यावरचे शेजारी, ज्यांना मी दादा म्हणतो, वयाने एकोणपन्नास वर्षांचे आहेत, वहिनी सेहेचाळीसच्या. मूळचे सातारकडचे हे दाम्पत्य नोकरीच्या निमित्ताने गेली अकरा वर्षे देहरादूनच्या सरकारी वसाहतीत राहते. मुलगी शिकून नोकरीला लागली, घर रिकामे झाले, आणि या दोघांना सायकलीचे वेड लागले. रविवारी पहाटे घंटाघरावरून राजपूरपर्यंत जावयाचे, तेथे चहा घ्यावयाचा आणि परतावयाचे, हा नेहमीचा क्रम. अंगात उत्साह असेल त्या दिवशी थेट मसुरी. देहरादून समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, मसुरी सुमारे दोन हजारांवर. तेव्हा या उत्साहाची किंमत पायांना चांगलीच मोजावी लागते. दादा पुढे असतात आणि प्रत्येक मोठ्या वळणावर थांबतात. वहिनी तेथे पोहोचल्या, की विसावा घेऊन ताजेतवाने झालेले दादा लगेच निघतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी, त्यालाच ती अधिक मिळते!

यंदा दोघांनी नव्या सायकली घेण्याचे ठरविले. जुन्या चौदा-चौदा किलोंच्या. त्या बदलून हलक्या रोड बाईक घ्याव्यात, त्यासाठी दोघांच्या मिळून सव्वादोन लाख रुपये बाजूला काढलेले. मी कचेरीत सायकलीने जातो, म्हणून सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. (सरकार पूर्वी कर्मचाऱ्याला सायकल घेण्यासाठी बिनव्याजी अग्रिम रक्कम देत असे, २०१६ साली ती सवलत बंद झाली. ज्या वस्तूसाठी कधी काळी अर्ज करावा लागे, तिच्यासाठी आता दोन-दोन लाख बाजूला पडतात, हे पाहून जुन्या फायलींना काय वाटत असेल?) इतका खर्च करावा की नाही, या वादात मी शिरत नाही. कष्टाच्या पैशाने दोन माणसे पहाटे उठून डोंगर चढत असतील, तर त्याला चैन म्हणताना माझी जीभ अडखळते.

खरा पेच दुकानात उभा राहिला. दुकानदाराने साहजिकपणे सुचविले, की साहेबांसाठी दीड लाखाची कार्बनची सायकल घ्यावी आणि बाईसाहेबांसाठी पंचाहत्तर हजारांची अॅल्युमिनियमची. साहेब वेगाने चालवितात, त्यांना उत्तम यंत्राचा उपयोग होईल, हे त्याचे कारण. दादांनी मान डोलावली. वहिनी काही बोलल्या नाहीत.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना शक्तीचा मोठा भाग हवेला बाजूला सारण्यात खर्च होतो. चढावर तो मुख्यतः वजन वर उचलण्यात जातो. एक सायकल साडेआठ किलोंची, दुसरी दहाची. दादा आणि सायकल मिळून पंचाऐंशी किलो धरले, तर वाचलेला दीड किलो दोन टक्क्यांहूनही कमी. मसुरी चढावयास दादांना पावणेतीन तास लागतात. त्यांतून सुमारे तीन मिनिटे वाचतील. पंचाहत्तर हजारांत तीन मिनिटे, म्हणजे मिनिटाला पंचवीस हजार. सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकात आमच्या वरिष्ठ लिपिकाचे आरंभीचे मासिक मूळ वेतन २५,५०० रुपये आहे. एक मिनिट आणि एक महिना यांचा भाव असा सारखा निघालेला पाहून मी काही वेळ स्वस्थ बसलो.

आणि ती तीन मिनिटे मिळवून दादा करणार काय? पुढच्या वळणावर तीन मिनिटे अधिक थांबणार. दोघे बरोबर निघाले असताना एकाच्याच साधनाची सुधारणा झाली, तर त्यांच्यातले अंतर तेवढे वाढते. तेव्हा चांगली सायकल वहिनींना द्यावी, असे मी सुचविले. दादांनी ते ताबडतोब मान्य केले. मान्य केले नाही ते वहिनींनी.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “यंत्राच्या जोरावर यांच्या बरोबरीला यायचे, म्हणजे वरती पोहोचले ते कोण? मी की सायकल?”

हा प्रश्न वहिनींनी प्रथम विचारला असे नाही. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनी मागच्या चाकावरचे बदलते गिअर १९३७ सालापर्यंत त्या शर्यतीत येऊ दिले नाहीत. असली सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहे, असे त्यांचे मत सांगतात. आमच्या दाम्पत्याला त्यांची परवानगी होती, हे त्यातल्या त्यात समाधान! बेल्जियमच्या एडी मर्क्स यांनी १९७२ साली मेक्सिको सिटीत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. इंग्लंडचे ख्रिस बोर्डमन १९९६ साली नव्या घडणीची सायकल आणि हात पुढे ताणलेली विशिष्ट बैठक यांच्या साह्याने ५६.३७५ किलोमीटरपर्यंत गेले. पुढे जागतिक संघटनेने मर्क्स यांच्या पद्धतीच्या सायकलीवरच विक्रम मोजण्याचे ठरविले. तेव्हा २००० साली तेच बोर्डमन जुन्या धर्तीच्या सायकलीवर बसले आणि ४९.४४१ किलोमीटर गेले. अठ्ठावीस वर्षांत माणूस पुढे सरकला तो अवघा दहा मीटर. मधली चार वर्षे वयाची म्हणून सोडून दिली, तरी सात किलोमीटरांतले बरेचसे यंत्राच्या आणि बैठकीच्या खात्यावर जमा करावे लागतात. २०१४ साली संघटनेने पुन्हा आधुनिक सायकलींना वाट मोकळी केली. मोठमोठ्या पंचांनाही जेथे एक निवाडा टिकविता आला नाही, तेथे माझ्यासारख्याची काय कथा?

तरीही मी वाद घातला. म्हटले, मी चष्मा लावून फायल वाचतो. ती चष्म्याने वाचली असे कोणी म्हणत नाही. श्रेयाची वाटणी जेथे कोणीतरी जिंकावयाचे असते तेथे करावी. तुमची शर्यत थोडीच आहे?

“शर्यत नाही, असे पुढे असणाराच म्हणतो,” वहिनी म्हणाल्या.

मला यावर उत्तर सुचले नाही, आणि अद्यापही सुचलेले नाही. सप्तपदीत दोघे सात पावले बरोबर टाकतात. पण लहान पावलाने मोठे व्हावे की मोठ्याने आखडावे, हे तेथे कोणी सांगत नाही. सात पावलांपुरते ते निभावते. मसुरीचा रस्ता पस्तीस किलोमीटरांचा आहे.

अखेर वहिनींनी आपली सायकल आपणच निवडली. कार्बनकडे त्यांनी पाहिलेही नाही. त्यांनी आधी सांगाड्याचे माप पाहिले, हँडल हाताला सहज पोहोचते की नाही ते पाहिले आणि मग गिअरचे दाते मोजून घेतले. पुढे चौतीस आणि मागेही चौतीस. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते आणि सायकल जेमतेम दोन मीटरच सरकते, पण चढावर उतरून चालण्याची पाळी येत नाही. टायर थोडे रुंद, खडबडीत रस्त्याला मानवणारे. किंमत ब्याऐंशी हजार. ही निवड माझ्या साऱ्या गणितापेक्षा शहाणपणाची होती. वजन किती उचलावे लागेल एवढेच मी पाहिले होते. ते किती किती हप्त्यांनी उचलावयाचे, हे त्यांनी पाहिले.

दादांनी मात्र स्वतःसाठी काहीच घेतले नाही. जुनी चौदा किलोंची सायकलच बरी आहे, म्हणाले. परिणाम असा, की गेल्या दोन्ही खेपांना वहिनी राजपूरच्या पुढे कितीतरी वेळ त्यांच्या बरोबरीने होत्या आणि एका वळणावर तर त्यांनाच थांबावे लागले. मला वाटले, आता त्या प्रसन्न असतील. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “भाऊजी, हे खरोखर मागे पडतात की मुद्दाम, तेच कळत नाही. पूर्वी निदान ते तरी कळत होते.”

दादांना विचारले, तर ते हसले.

वहिनींचा आग्रह आता असा, की राहिलेल्या एक लाख त्रेचाळीस हजारांतून दादांनीही सायकल घेतलीच पाहिजे, आणि ती आपल्याहून चांगली असली तरी चालेल. दादा “पाहू” म्हणतात. मी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो आहे.