वांग्याचे बियाणे आणि आपली भीती

कुंडलच्या बाजारातून आणलेली कृष्णाकाठची वांगी चिरताना एखाद्यात अळी निघाली, तर आपण तेवढे फेकून देतो. फळ आणि शेंडा पोखरणारी हीच अळी मारण्यासाठी शेतकरी पुन्हापुन्हा औषध फवारतो. त्या औषधाविषयी आपण काही विचारत नाही. बियाण्यात जनुक घातले म्हटले, की मात्र लगेच प्रश्न येतो : हे हलाल आहे काय?

वाचकहो, प्रश्न रास्त आहे. पण ऐकीव गोष्टींवर त्याचे उत्तर देता येणार नाही. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्यात मातीतील एका जिवाणूचे जनुक आहे, जनावराचे नव्हे. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या मान्यता समितीने त्याला संमती दिली. लोकांत भीती पसरली. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवडीला स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ मध्ये परवानगी दिली. तेथे ते पिकते आणि खाल्ले जाते.

अल्लाहच्या निर्मितीत बदल करविण्याची सैतानाची प्रतिज्ञा (दिव्य कुरआन, ४:११९) काहीजण येथे लावतात. मला ते पटत नाही. मदीनेचे लोक खजुराच्या मादी झाडाला नराचा फुलोरा लावीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याविषयी शंका व्यक्त केली, तेव्हा त्यांनी ते थांबविले आणि पीक घटले. त्यावर, तुमची ऐहिक कामे तुम्हीच अधिक जाणता, अशा आशयाचे प्रेषितांचे उद्गार सहीह मुस्लिममध्ये नोंदलेले आहेत. तेव्हा पिकात माणसाचा हात लागणे एवढ्यानेच ते निषिद्ध ठरत नाही.

मला अस्वस्थ करते ती दुसरी आयत, पिके आणि वंश यांची नासाडी करीत फिरणाऱ्याविषयीची (२:२०५). बीटी कापूस २००२ मध्ये बोंडअळीपासून सुटकेचे आश्वासन घेऊन आला. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने तोच कापूस पोखरला. वांग्याच्या बाबतीत तर सुरक्षिततेच्या चाचण्यांची माहिती प्रामुख्याने बियाणे विकू पाहणाऱ्या कंपनीकडूनच आली होती. माल विकणाऱ्यानेच तराजू धरावा आणि घेणाऱ्याला दुसरा तराजू मिळू नये, हा व्यवहार कोणत्या बाजारात चालेल? मापात पाप करणाऱ्यांना कुरआनने एका स्वतंत्र सूरहच्या आरंभीच खडसावले आहे. स्वतंत्र चाचण्यांची मागणी रेटून धरणाऱ्यांना म्हणूनच मी भित्रे म्हणणार नाही.

स्थगिती आली, पण फवारणी थांबली नाही. पुढच्या बाजारी वांगी निवडताना शेवटचे औषध कधी मारले, हे विचारून पाहा. विकणाऱ्या मावशींना तो प्रश्न नवा वाटेल.