क्लच कोणी जाळला?

क्लच गेलेली गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा दोन प्रश्न एकदम विचारले जातात. काय बिघडलं, हा एक. कोणी बिघडवलं, हा दुसरा. मराठीत या दोन्ही प्रश्नांच्या उत्तराला आपण एकच शब्द वापरतो: दोष. यंत्रातला दोष शोधायचा असतो आणि माणसाला दोष द्यायचा असतो. शब्द एकच असल्यामुळे एका कामातून दुसऱ्या कामात आपण कधी शिरलो हे कळत नाही. मिस्त्री ‘प्लेट जळलीय’ एवढंच म्हणतो आणि मालक ड्रायव्हरकडे बघतो.

नवी मुंबईत हा प्रसंग काही दुर्मीळ नाही. नेरूळ, वाशी, खारघरच्या सोसायट्यांमध्ये पगारी ड्रायव्हर ठेवणारी घरं आहेत. एपीएमसी बाजारात दुसऱ्याच्या मालकीचे टेम्पो चालवणारे आहेत. दिवसाच्या ठरावीक भाड्यावर टॅक्सी घेऊन रस्त्यावर उतरणारे आहेत. गाडी एकाची, पेडलवरचा पाय दुसऱ्याचा. क्लच बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, त्यामुळे सुट्या भागांइतकीच मजुरीही लागते. हे बिल कोणी भरायचं, हा वाद वरवर पैशांचा वाटतो. त्याच्या तळाशी वेगळा प्रश्न आहे. एखादी वस्तू हजारो वेळा थोडी थोडी झिजून संपते, तेव्हा ती संपल्याचा दोष कोणाचा?

उत्तराआधी क्लच काय करतो ते पाहावं लागेल. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हाही इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेत असतं. चाकं थांबलेली असतात. फिरणाऱ्याची आणि थांबलेल्याची गाठ घालून देणं हे क्लचचं काम. इंजिनाच्या बाजूला फ्लायव्हील, त्यावर बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट, आणि दोघांच्या मधे क्लच प्लेट. या प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं लायनिंग असतं आणि तिचा मधला भाग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो. पेडल सोडलेलं असताना डायफ्रॅम स्प्रिंग प्लेटला घट्ट दाबून धरते आणि सगळं एकजीव फिरतं. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर रेटतं आणि पकड सुटते. या दोन टोकांच्या मधली अवस्था म्हणजे आपला रोजचा हाफ क्लच. त्या वेळी प्लेट घसरत असते, तापत असते आणि झिजत असते.

समजा १००० किलोची गाडी सपाट रस्त्यावर जागेवरून ताशी १० किलोमीटरपर्यंत न्यायची आहे. त्यासाठी तिला साधारण ४ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. इंजिनाचा वेग शेवटी जुळणाऱ्या वेगावरच स्थिर ठेवला, तर तेवढीच, म्हणजे आणखी साधारण ४ किलोज्यूल ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. पेडल सावकाश सोडलं काय किंवा भरकन सोडलं काय, हा हिशेब तोच राहतो. इंजिन उगाच रेटलं तर तोटा वाढतो. शून्यावर मात्र तो कोणालाच आणता येत नाही. म्हणजे कितीही निष्णात ड्रायव्हर असला तरी गाडी जागेवरून हलवताना तो क्लच थोडा खातोच. ही झीज म्हणजे गाडी चालण्याची किंमत. वाहन कंपन्यांच्या वॉरंटीतही क्लच प्लेट आणि ब्रेकचं लायनिंग नेहमीच्या झिजेच्या यादीत असतं, ते याच कारणाने.

या किमतीचा मोठा भाग रस्ता ठरवतो. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते न्हावाशेवा, २१.८ किलोमीटर. एकदा वरच्या गिअरमध्ये पडलं की पलीकडे उतरेपर्यंत डाव्या पायाला फारसं काम नसतं. तेवढंच अंतर संध्याकाळी शीव-पनवेल रस्त्यावर किंवा महापे-शिळफाट्याच्या कोंडीत कापा. गाडी पाच हात पुढे, थांब, परत पाच हात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. त्याआधी वाशीच्या नाक्यावरची रांग हाही क्लच झिजवण्याचा एक कारखानाच होता. मीटरवर दोन्ही प्रवास सारखेच दिसतात. म्हणून ‘चाळीस हजारांतच क्लच घालवला, शेजाऱ्याचा ऐंशी हजार चालला’ ही तुलना फसवी आहे. ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ असं म्हणून आपण ड्रायव्हरचं तोंड बंद करतो. पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं.

मग ड्रायव्हरचा दोष कधीच नसतो का? असतो. चढावर हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं, चालत्या गाडीत पाय पेडलवरच विसावलेला ठेवणं, तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणं, या सवयी क्लचचं आयुष्य खरोखर कमी करतात. प्रश्न आहे तो ही सवय होती हे कशावरून ओळखायचं याचा.

चांगल्या मिस्त्रीच्या कामाचा क्रम इथे शिकण्यासारखा आहे. गाडी ओढत नाही म्हटल्यावर तो लगेच गिअरबॉक्स उतरवत नाही. आधी पेडलची मोकळी चाल बघतो. वायरचा क्लच असेल तर वायर कुठे अडकते का, तिचे तारे तुटलेत का ते तपासतो. हायड्रॉलिक असेल तर तेलाची पातळी आणि सिलिंडरची गळती. गिअर पडताना खरखर होते की इंजिनाचा आवाज चढूनही गाडी पळत नाही, हे चालवून बघतो, कारण पहिल्यात क्लच पुरता सुटत नसतो आणि दुसऱ्यात तो पुरता धरत नसतो. दोन्हींना लोक ‘क्लच गेला’ असंच म्हणतात. पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, सोडल्यावर येत असेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. स्वस्त, वरची, सहज तपासता येणारी कारणं आधी संपवायची आणि मगच आत हात घालायचा. हा क्रम तो पाळतो कारण चुकीच्या अंदाजाचा खर्च त्याला माहीत असतो. माणसाला दोष देताना आपण नेमका उलटा क्रम लावतो. सर्वांत जवळ उभा असलेला, सर्वांत कमी बोलू शकणारा माणूस आधी, आणि बाकीची कारणं जमलं तर नंतर.

गिअरबॉक्स उतरला की खरे पुरावे समोर येतात. लायनिंग सगळीकडून सारखं झिजून रिव्हेटपर्यंत आलं असेल, तर प्लेट आपलं आयुष्य जगून गेली. लायनिंग तेलकट असेल, तर क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल आलंय; त्यात पायाचा काही संबंध नाही. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि बारीक तडे असतील, तर क्लच फार तापला होता. इथे मालक म्हणतो, बघा, मी सांगत होतो. पण थांबावं लागतं. वायरच्या क्लचमध्ये लायनिंग झिजत जातं तशी पेडलची मोकळी चाल कमी होत जाते. वेळेवर ती जुळवून घेतली नाही, तर एक दिवस बेअरिंग कायमचं स्प्रिंगच्या बोटांवर टेकतं आणि क्लच अर्धवट दाबलेला राहतो. आतून पाहिलं तर हे पाय पेडलवर ठेवून चालवण्यासारखंच असतं. तीच घसरण, तीच उष्णता, तेच निळे डाग. एक खूण, आणि संशयित दोन: पाय न उचलणारा ड्रायव्हर आणि सर्व्हिसिंग पुढे ढकलणारा मालक.

तिसराही आहे. नवी प्लेट उलटी बसली, मध्यावर न बसवताच गिअरबॉक्स जोर लावून सरकवला, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे न आवळता एकाच बाजूने आवळले, लायनिंगला ग्रीसचे हात लागले, तर क्लच पहिल्या दिवसापासून थरथरतो किंवा नीट सुटत नाही. काही महिन्यांनी तो जातो आणि बोल ड्रायव्हरला बसतो: नवा क्लचही घालवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

कायद्याने हा फरक फार पूर्वी ओळखला आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात नुकसानीपोटी पगारातून कपात करायची तर वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली असावी, नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झालेलं असावं, कपात नुकसानीपेक्षा जास्त नसावी आणि त्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी मिळावी अशा अटी होत्या. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम राहिलं. यातला ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा. झिजेत ‘थेट’ क्वचितच काही सापडतं. पण हे कायदे कारखाने आणि आस्थापना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनाअखेरीला ‘या महिन्यात दोन हजार कमी’ असं सांगितलं जातं, तेव्हा तिथे कोणी बाजू ऐकून घेत नाही. म्हणून हा प्रश्न शेवटी मालकाच्या नीतीवर येऊन थांबतो.

ड्रायव्हर स्वतः काय म्हणतो तेही नीट ऐकायला हवं. तो बहुधा म्हणतो, ‘साहेब, माझ्या हातून गेला.’ मराठीत ‘मी केलं’ आणि ‘माझ्या हातून झालं’ यांत मोठं अंतर आहे. दुसऱ्या वाक्यात कबुली नाही, खंत आहे. इंग्लंडचे तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली नैतिक दैवाविषयी लिहिताना एका लॉरीचालकाचं उदाहरण दिलं. त्याची काहीच चूक नसताना त्याच्या गाडीखाली एक मूल येतं. बघणाऱ्यांना जे वाईट वाटतं त्याहून वेगळं काहीतरी त्याला वाटतं, आणि वाटलं नसतं तर आपल्यालाच ते खटकलं असतं. क्लच आणि मूल यांची तुलना होऊ शकत नाही, पण रचना तीच आहे. कोंडीत प्लेट ज्याच्या पायाखाली शेवटची घसरली, त्याला ते लागतं. ही खंत चांगल्या कामगाराची खूण आहे. तिला कबुलीजबाब समजून त्यावर कपात बसवणारा मालक त्याला एकच धडा देतो: पुढच्या वेळी गाडीतून जळका वास आला तर सांगू नकोस. मग दोष सापडायला उशीर होतो, आणि प्लेटबरोबर फ्लायव्हीलही जातं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्याला गाडी चालल्याचा फायदा, झीज त्याची. पाय ज्याचा होता तो त्या झिजेचं साधन आहे, कारण नाही. त्यापलीकडे हयगयीचा आरोप करायचा असेल, तर मिस्त्री जसा स्वस्त कारणं आधी खोडतो तशी इतर सगळी कारणं आधी खोडून दाखवायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची. तरीही शंका उरली, तर ती ज्याचं घर त्या पगारावर चालतं त्याच्या बाजूने जावी. यावर कोणी म्हणेल, असं केलं तर ड्रायव्हर बेफिकीर होतील. पण पाय पेडलवरून काढायला शिकवणं आणि पैसे कापणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं बाजूच्या सीटवर बसून आठवडाभरात होतं.

झिजेचा आणखी एक वाटेकरी या भांडणात कोणालाच दिसत नाही. लायनिंग झिजतं तेव्हा त्याची धूळ होते आणि ती गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचात साठून राहते. गिअरबॉक्स उतरला की ती मिस्त्रीच्या आणि खाली आडवं पडून बोल्ट खोलणाऱ्या पोऱ्याच्या तोंडावर येते. क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये एके काळी सर्रास ॲस्बेस्टॉस असे, आणि ती धूळ हवेच्या पाइपाने फुंकून उडवायची पद्धत होती. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की त्यांचा परिणाम काही दशकांनी दिसतो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आज लायनिंग बदललं आहे, तरी बारीक धूळ धूळच असते, आणि ओल्या फडक्याने ती पुसायला दोन मिनिटं जास्त लागतात. घाईत असलेलं गिऱ्हाईक ती दोन मिनिटं देत नाही.

दुसऱ्यासाठी कष्टणाऱ्याला आपण ‘चंदनासारखा झिजला’ म्हणतो आणि ते कौतुक असतं. त्या कौतुकात एक सोय आहे: झिजणाऱ्याची स्तुती केली की झिजवणाऱ्याचा हिशेब मागायचा राहून जातो. क्लचच्या बाबतीत हा हिशेब मागणं सोपं आहे. जुनी प्लेट गॅरेजमध्ये भंगारात टाकू नका, मागून घ्या. ड्रायव्हरला सोबत घ्या आणि मिस्त्रीला तिच्यावरच्या खुणा दोघांना दाखवायला सांगा: लायनिंग कुठे किती उरलंय, तेल आहे का, स्प्रिंगची बोटं कशी झिजलीत. मग बिल द्या. पगाराचा विषय काढायचाच असेल तर तो त्यानंतर काढा. प्लेट नीट पाहिल्यावर तो काढायची गरज बहुतेक वेळा पडणार नाही.