मलम : एक शब्द व त्याचा बोध

शास्त्रभाग : यशया १:५-६, लूक १०:३०-३७



मलम हा शब्द आपल्या घरोघरी आहे. तो ‘मळणे’ ह्यापासून निघाला, असे पुष्कळांस वाटते. परंतु तसे नाही. फारसी व अरबी भाषांत ह्यास मरहम म्हणतात. बहामनी व आदिलशाही अमलात नळदुर्गाच्या मुलखात फारसीचा वावर होता, आणि त्या भाषेचे पुष्कळ शब्द आपल्या बोलीत रुजले. विद्वानांच्या मते मरहम हा शब्दही मूळचा ग्रीक ‘मालाग्मा’ होय. मालाग्मा म्हणजे मऊ करणारे औषध.

आता यशयाचे वचन पाहा. देव आपल्या बंडखोर प्रजेस अंगभर घाव असलेल्या रोग्याची उपमा देतो. मूळ इब्री वचनात त्या घावांस तेलाने मऊ केले नाही, असा भाव आहे. आणि ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आरंभलेल्या जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्याच ठिकाणी मालाग्मा हा शब्द आढळतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातून दरवर्षी पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात. त्यांचे हात पाचटाने चिरतात. अशा घावावर कोरडी चिंधी बांधिली, तर ती चिकटते, आणि सोडतेवेळी मांस पुन्हा फाटते. आधी मलम, मग पट्टी, हे लेकरासही ठाऊक आहे.

मग मंडळीत आपण उलटे का करितो? समजा, कोणी एका घराण्याची जात काढून त्यास पंगतीतून उठविले. पंच म्हणतात, “झाले गेले विसरा, प्रभुभोजनापूर्वी हात मिळवा.” हात मिळतात, पण ज्याने दुखविले त्याने अपराध कबूल केला नाही, आणि जो दुखावला त्याचे कोणी ऐकून घेतले नाही. ही कोरडी चिंधी होय. पुढच्या लग्नात ती सुटते, व घाव पहिल्याहून मोठा होतो.

शोमरोनी मनुष्याकडे पाहा. याजक व लेवी दुरून गेले. तो मात्र जवळ आला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, मग त्या बांधिल्या. मलम दुरून लागत नाही. हात लावावा लागतो. ज्यांच्या वाडवडिलांस गावाने शिवून घेतले नाही, त्या आम्हांस हे कोणी शिकवावे काय?

ख्रिस्त ह्या नावाचा अर्थच तेलाने अभिषेक केलेला असा आहे. त्याने कुष्ठरोग्यास हात लाविला. आपल्या कठीण अंतःकरणासही तोच मऊ करितो.

यास्तव, उपदेशक बंधूंनो, ज्या घरचा घाव तुम्हांस ठाऊक आहे, त्या घरी येत्या रविवारच्या आधी जा. बोलण्याआधी ऐका. आणि दोष आपलाच असेल, तर तसे म्हणा. प्रभू तुमच्या हातांस यश देवो. आमेन.